केस ऐकतात घरातल्या हवेचं

जानेवारीतल्या एखाद्या दिवशी शिकागोचं हवामान पाहिलं तर माणूस बुचकळ्यात पडतो. तापमान उणे 10 अंश सेल्सियस, बाहेर बर्फ आणि आर्द्रता 80 टक्के. मुंबईच्या पावसाळ्यात शोभावा असा हा आकडा. मग त्याच शहरातल्या कुरळ्या केसांच्या बायका डिसेंबरपासून मार्चपर्यंत केस राठ झाल्याचं, फणीला तुटके केस येत असल्याचं का सांगतात?

आर्द्रतेचा टक्का म्हणजे हवेत पाणी किती आहे ते नव्हे. त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते, त्यापैकी किती भरली आहे, एवढंच तो सांगतो. गार हवेत वाफ फार थोडी मावते. उणे 10 अंशांना एका घनमीटर हवेत जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम, तर 21 अंशांना सुमारे 18 ग्रॅम. बाहेरची हवा फटींतून घरात येते, हीटर तिला तापवतो, पण तिच्यातलं पाणी काही वाढत नाही. अठरा ग्रॅम मावतील अशा हवेत दोन ग्रॅमही पाणी नाही, म्हणजे आर्द्रता 10 टक्क्यांच्या आसपास. स्वयंपाक, आंघोळ आणि माणसांचे श्वास यांनी ती थोडी वाढते, तरी हवा कोरडी ती कोरडीच.

आणि ही कोरडी हवा केसाला लगेच कळते. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी 1783 साली आर्द्रता मोजण्याच्या यंत्राचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या यंत्राचा मुख्य भाग होता माणसाचा केस. तेलकटपणा काढून टाकलेल्या केसाचं एक टोक पक्कं बांधायचं आणि दुसरं एका काट्याला जोडायचं. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की केस दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो आणि काटा फिरतो. अशी यंत्रं विसाव्या शतकातही हवामान केंद्रांत वापरात होती. म्हणजे आपण प्रत्येक जण डोक्यावर लाखभर आर्द्रतामापक घेऊन फिरतो.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि केराटिन हवेतली वाफ धरून ठेवतं. हवेची आर्द्रता 65 टक्के असेल तर 100 ग्रॅम सुक्या केसांत सुमारे 13 ग्रॅम पाणी असतं. ती 10 टक्क्यांवर उतरली की चारेक ग्रॅम उरतं. केस मृत असतो. त्वचेसारखा तो आतून पाणी आणू शकत नाही आणि झीजही भरून काढू शकत नाही. तो भोवतालच्या हवेशी जुळवून घेतो आणि गप्प बसतो. सकाळी कितीही भारी क्रीम लावा, केसातलं पाणी हळूहळू खोलीतल्या हवेशी जुळेल त्या पातळीवर येणारच. बाटलीवर ‘72 तास ओलावा’ असं छापलेलं दिसलं की हे आठवावं, असं मला कळकळीनं वाटतं. क्रीम पाण्याचा जाण्याचा वेग कमी करतं आणि केस गुळगुळीत ठेवतं. ही दोन्ही कामं मोलाची आहेत, पण ती पाणी साठवून ठेवण्याची कामं नाहीत.

सगळ्यांच्याच केसांचं असं होतं, तर या हिवाळ्याचा सर्वांत जास्त त्रास आफ्रिकी वंशाच्या बायकांना का होतो? त्यांच्यात ‘नॅचरल हेअर’ म्हणजे रसायनांनी सरळ न केलेले, जन्मजात घट्ट वळणांचे केस. क्ष-किरणांनी तपासलं तर या केसांतलं केराटिन आणि सरळ केसांतलं केराटिन यांच्या रचनेत फरक सापडत नाही. फरक आहे तो आकारात. सरळ केस आडवा कापला तर छेद जवळजवळ गोल दिसतो. घट्ट कुरळ्या केसाचा छेद चपटा, लंबगोल असतो आणि केस स्वतःभोवती पिळत वाढतो. टाळूवर तयार होणारं तेल सरळ केसावरून घसरत शेंड्यापर्यंत पोचतं. स्प्रिंगसारख्या केसावर ते मुळापाशीच अडतं. टाळूला तेल असतं, पण शेंडे उपाशी राहतात.

शिवाय प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा. केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचे सहा-आठ थर असतात. वळणावर या खवल्यांवर ताण येतो आणि त्या उचकटतात. कोरड्या केसाला लवचीकपणा कमी, एक वळण दुसऱ्यात अडकलेलं, त्यात घाईनं फिरवलेली फणी. मग केस मुळापासून गळत नाही, मध्येच तुटतो. ‘माझे केस वाढतच नाहीत’ असं अनेक बायका म्हणतात. हे केस सरळ केसांपेक्षा सावकाश वाढतात हे खरं, दिवसाला साधारण पाव मिलिमीटर, पण वाढतात. शेंड्याकडून ते तितक्याच वेगानं तुटत असतात, म्हणून लांबी दिसत नाही.

मग निसर्गानं असे केस दिले तरी कशाला? मानवशास्त्रज्ञ टीना लसिसी, नीना जब्लोन्स्की आणि सहकाऱ्यांनी 2023 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या शरीरासारखी उष्णता देणारा एक पुतळा, त्याच्या डोक्यावर कधी सरळ, कधी कुरळ्या, कधी घट्ट कुरळ्या केसांचे टोप आणि वरून उन्हासारखे दिवे. घट्ट कुरळ्या केसांखाली डोक्यापर्यंत उन्हाची उष्णता सर्वांत कमी पोचली, आणि डोकं थंड ठेवायला घामही सर्वांत कमी लागला असता. आफ्रिकेच्या उन्हात मेंदू जपणारं हे छप्पर आहे. विसाव्या शतकात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले, मिसिसिपीसारख्या दमट राज्यांतून शिकागोसारख्या शहरांत. तेव्हा हे छप्परही सोबत गेलं आणि हीटरच्या खोलीत येऊन पोचलं. या केसांना ‘खराब’ म्हणण्याची रीत अमेरिकेत इतकी रुजलेली होती की नोकरीत आणि शाळेत केसांवरून भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाला 2019 मध्ये करावा लागला. केस खराब नव्हतेच कधी.

या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे उपाय काढले, त्यांतले बहुतेक विज्ञानाच्या कसोटीला उतरतात. आधी पाणी किंवा पाणीदार लोशन, त्यावर तेल, त्यावर घट्ट क्रीम, हा क्रम त्यांच्यात सगळ्यांना पाठ आहे. पाण्यानं केस मऊ होतो, तेल आणि क्रीम ते पाणी उडण्याचा वेग कमी करतात. पश्चिम आफ्रिकेतलं शिया बटर, म्हणजे शिया झाडाच्या बियांतून काढलेलं घट्ट तेल, या कामाला फार चांगलं. तळहातावर चोळलं की ते विरघळतं आणि केसावर जाडसर थर देतं. नुसतं तेल कोरड्या केसावर थापून मात्र ओलावा येत नाही, कारण तेलात पाणी नसतंच. ग्लिसरीनचीही तीच गत. ते हवेतून पाणी ओढतं, म्हणून दमट दिवसांत गुणकारी; हिवाळी खोलीत ओढायला पाणीच कुठे असतं? थंडीत ग्लिसरीनवर भिस्त ठेवू नये, असं माझं मत आहे.

खोबरेलाची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती मुंबईशी जोडलेली आहे. मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून 2003 साली निबंध प्रसिद्ध केला. केसातून वाहून जाणारं प्रथिन तिघांपैकी फक्त खोबरेलानं कमी केलं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवायला हवं, पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलात निम्म्याच्या आसपास असणाऱ्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असते, त्यामुळे हे तेल केसाच्या आत शिरतं. धुताना केस पाण्यानं फुगतो, वाळताना आक्रसतो, आणि असं वारंवार झालं की खवल्या खिळखिळ्या होतात. आत गेलेलं तेल ते फुगणं कमी करतं. शनिवारी रात्री तेल चोपडून रविवारी न्हायला बसवणाऱ्या आपल्या आज्यांना हा निबंध वाचायची गरज पडली नसती. आज जगभरातल्या नॅचरल हेअरच्या चर्चांत या मुंबईच्या संशोधनाचा दाखला दिला जातो, याचा मला मनापासून आनंद वाटतो. एक अडचण आहेच. खोबरेल 24-25 अंशांखाली थिजतं. आपण थंडीत बाटली उन्हात ठेवतो. शिकागोत ते डोक्यावरच थिजतं आणि काहींना केस कडक लागतात. म्हणून तिथे ते न्हाण्याआधी लावून धुऊन टाकणं जास्त सोयीचं.

उरलेलं बरंचसं काम घर्षण टाळण्याचं. लोकरीची टोपी थंडीपासून वाचवते, पण केसांवर घासते. आतून सॅटिनचं अस्तर लावलं की प्रश्न मिटतो. रात्री सॅटिनची टोपी किंवा उशीचा सॅटिनचा अभ्रा हवा, कारण सुती अभ्रा केसांवर घासतो आणि तेलही शोषतो. गुंता सोडवायचा तो ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांत, रुंद दातांच्या फणीनं, शेंड्याकडून मुळाकडे. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ असे केस आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदाच धुवायला सांगतात. बारीक पेडांच्या वेण्या घालून ठेवल्या की शेंडे हवेपासून आणि हाताळण्यापासून वाचतात. पण त्या दोन-तीन महिन्यांहून जास्त ठेवू नयेत आणि कधीच घट्ट ओढू नयेत. कानशिलांजवळचे केस त्या ओढीनं कायमचे जाऊ शकतात, आणि ते गेल्यावर कुठलंही क्रीम कामाचं नाही.

एवढं सगळं करूनही खोलीची हवा 15 टक्क्यांवर असेल तर केस तिचंच ऐकणार. म्हणून महागड्या बाटलीआधी पैसे खर्चावेत ते खोलीत वाफ सोडणाऱ्या ह्युमिडिफायरवर आणि एका साध्या आर्द्रतामापकावर. 30 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान हवा राहिली की केसांबरोबर नाक, घसा आणि ओठही सुखावतात. यंत्रातलं पाणी रोज बदलायचं, टाकी घासून धुवायची, आणि खिडकीच्या काचेवर आतून थेंब जमू लागले की यंत्र बंद करायचं.