सीमाभागातल्या बायकांचा इतिहास (आणि तो का शिकवायचा)

बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातल्या सीमाभागात बायकांनी काय केलं, काय सोसलं, काय मिळवलं ते लिहून ठेवणं आणि पोरांना शिकवणं, असा हा विषय. आपल्याकडं तो बहुतेक वेळा राणीच्या पुतळ्याला हार घातला की संपतो.

कित्तूरची राणी चन्नम्मा सगळ्यांना माहीत आहे. जन्म बेळगावजवळच्या काकतीचा, दत्तक मुलाला इंग्रजांनी वारस मानलं नाही म्हणून २३ ऑक्टोबर १८२४ ला लढाई झाली, त्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, पुढं कित्तूर पडलं आणि १८२९ ला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच ती वारली. बैलहोंगलकडचीच बेलवडीची देसाईण, मराठीत सावित्रीबाई आणि कन्नडमध्ये मल्लम्मा, १६७८ च्या सुमाराला थेट शिवाजी महाराजांच्या फौजेशी गढी लढवत होती, पण तिच्याबद्दल वर्गात कोण बोलतं? मराठी शाळेतल्या पोरांना चन्नम्मा ‘त्यांची’, म्हणजे कन्नडवाल्यांची वाटते, आणि इंदिरा संत बेळगावातच राहून शिकवत होत्या, १९८४ ला त्यांच्या कवितेला साहित्य अकादमी मिळाला, हे कन्नड शाळेतल्या पोरांच्या कानावरच येत नाही. भाषेच्या भांडणात बायकांचीपण वाटणी झाली, हे फार वाईट झालं.

आणि राण्या, कवयित्री सोडल्या तर बाकीच्यांचं काय? निपाणीच्या तंबाखूच्या कारखान्यांत बायका दिवसभर तंबाखू कुटायच्या, चाळायच्या, धूळ नाकातोंडात, डोळ्यांत, मजुरी अगदी तुटपुंजी आणि वरून मुकादमाची बोलणी. १९८० च्या आसपास याच बायकांनी युनियन बांधली, संप केला. युगांतर नावाच्या बायकांच्या ग्रुपनं १९८२ ला त्यांच्यावर डॉक्युमेंटरी केली म्हणून निदान त्यांचे चेहरे आणि आवाज तरी राहिले. निपाणीच्या मुलीला हे शाळेत कळलं तर आपली आजी नुसती ‘तंबाखूला जायची’ एवढंच नाही, ती हक्कासाठी रस्त्यावर उतरली असेल हेपण तिला कळेल, आणि उद्या स्वतःच्या पगाराबद्दल तोंड उघडताना तिला आधार वाटेल. शिकवायचं ते यासाठी.

कागदावर या बायका कमीच सापडतात, जमिनीच्या उताऱ्यावर बहुतेक बाप्यांचीच नावं. त्यांचं जे आहे ते जात्यावरच्या ओव्यांत, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाण्यांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडात, आणि दळायची जाती तर कधीच परड्यात जाऊन पडली. त्यामुळं घाई करायला पाहिजे. मोबाईल घेऊन आजीजवळ बसायचं, माहेरचं नाव विचारायचं, पहिल्यांदा कामाला गेली तेव्हा किती वर्षांची होती, मजुरी कुणाच्या हातात पडायची, बाळंतपणानंतर किती दिवसांत परत कामावर, शाळा कुणी सोडायला लावली, हे सगळं सावकाश विचारायचं आणि ती जशी बोलते तसंच, मध्ये कन्नड आलं तर कन्नडमध्येच, लिहून घ्यायचं. त्याची एक कॉपी गावातल्या मराठी शाळेत, एक कन्नड शाळेत द्यायची.