लघुपाटबंधारे तलाव (पुणे जिल्हा)

ओढ्यावर किंवा नाल्यावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवणारी, दोन हजार हेक्टरांपेक्षा कमी लाभक्षेत्र (म्हणजे पाणी मिळणारी शेतजमीन) असलेली सिंचन योजना. कालव्याने किंवा पाटाने थेट शेतात पाणी देणारा तो लघुपाटबंधारे तलाव, आणि कालवा नसलेला, तळातून झिरपून खालच्या विहिरींना पाणी पुरवणारा तो पाझर तलाव, असा भेद शासकीय कागदपत्रांत केला जातो. दोन्हींच्या बांधांची जडणघडण आणि त्यांना असलेले धोके जवळजवळ सारखेच असल्याने या नोंदीत त्यांचा एकत्रच विचार केला आहे.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यालगत, वर्षाला २,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे बारामती, दौंड, इंदापूर या तालुक्यांत तो ५०० मिमी.च्या आसपास उतरतो. त्यामुळे मोठी धरणे घाटमाथ्याखालच्या खोऱ्यांत, तर छोट्या तलावांची गरज मुख्यतः पूर्वेला, अशी विभागणी पडली आहे.

कालनिर्णय : कात्रजचा तलाव अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी झाला, असे सामान्यतः मानतात. पण तो शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी होता, म्हणून सिंचन तलावांच्या परंपरेत त्याला आद्यस्थान देणे योग्य ठरत नाही. सिंचनाच्या अंगाने एकोणिसाव्या शतकातील कासुर्डी, माटोबा, शिरसुफळ आणि भादलवाडी हे तलाव अधिक महत्त्वाचे. यांपैकी माटोबा मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर भरतो. शिरसुफळ व भादलवाडी १८७६-७७ च्या दुष्काळातील कामे मानली जातात. जुन्या नोंदींत कोठे काम सुरू झाल्याचे, कोठे ते संपल्याचे, तर कोठे पहिले पाणी सोडल्याचे वर्ष दिलेले असते. वेगवेगळ्या ग्रंथांतल्या तारखांत पडणारा फरक बहुधा त्यामुळेच असावा. एकच वर्ष ठामपणे सांगण्यापेक्षा ‘त्या दुष्काळातील’ असा उल्लेख करणे सुरक्षित.

पाझर तलावाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना जन्मली, असे बऱ्याच लेखनात आढळते. तळ्याखालच्या विहिरींना पाणी टिकते हे मात्र शेतकऱ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते, आणि दख्खनच्या बेसाल्ट खडकात, मुरमाच्या थरातून व भेगांतून पाणी कसे सरकते याची जाणही जुनी आहे. १९७२ हे उगमाचे वर्ष न मानता प्रसाराचे मानणेच अधिक सयुक्तिक. रोजगार हमी योजनेखाली त्यानंतर गावोगाव बांध उभे राहिले. हाताला काम आणि घरात धान्य हा त्या कामांचा पहिला हेतू होता. माती डोक्यावरून वाहिली गेली आणि कामे निकडीने उरकली गेली. त्यामुळे एखाद्या बांधात गाभ्यासाठी कोणती माती वापरली, पायाचा चर किती खोल नेला, याचा कागद आज हाती लागेलच असे नाही. अशा तलावांच्या सुरक्षिततेची खरी अडचण इथे सुरू होते.

रचना : बांधाच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचे कवच. गाभ्याखाली पायाचा चर कठीण थरापर्यंत खोदून त्याच मातीने भरतात, म्हणजे पाण्याला बांधाखालून वाट मिळत नाही. पाण्याकडच्या उतारावर लाटांपासून बचाव म्हणून दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर), तर खालच्या पायथ्याशी झिरपलेले पाणी माती न नेता बाहेर पडावे म्हणून वाळू-खडीची गाळणी व दगडांची रास असते. पाण्याकडचा उतार सहसा अधिक सपाट ठेवतात, कारण तलाव झपाट्याने रिकामा झाला तर भिजलेली माती त्याच बाजूने घसरते. बांधाच्या एका टोकाला सांडवा असतो. तलाव भरल्यावर जादा पाणी तेथून निघून जाते. मातीच्या बांधावरून पाणी वाहणे त्याला सोसवत नाही, म्हणून सांडव्याची पातळी व बांधाचा माथा यांतील मोकळी उंची म्हणजेच त्या बांधाचे आयुष्य, असे म्हणण्यास हरकत नाही. सिंचनाचे पाणी मोरीतून म्हणजे विमोचकातून सोडतात.

फुटण्याची कारणे : माथ्यावरून पाणी जाणे, आतून माती वाहून जाणे आणि उतार घसरणे, ही तीन कारणे सर्वत्र सांगितली जातात. पहिल्याबाबत वाद नाही. पुष्कळदा संकट माणसाच्या हातून ओढवते : थोडे पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती किंवा दगड रचतात, मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावतात आणि तिच्यात काटक्या, पालापाचोळा अडकून सांडवा तुंबतो. सांडव्याखालच्या चरात कोणी वाफे काढलेले असतील तर पाणी परत बांधाच्या पायथ्याकडे वळते.

दुसऱ्या कारणाबद्दल मात्र अभ्यासकांत बरीच चर्चा आहे. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून जीवितहानी झाली, तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरल्याचे विधान जाहीरपणे केले गेले आणि त्यावर टीकाही झाली. खेकडे, उंदीर, घोरपडी, साळिंदर बांधात बिळे करतात, हे खरे आहे.  पण ती पाण्याची वाट बनायला गाभा आधीच कच्चा असावा लागतो किंवा भराव नीट दाबलेला नसावा लागतो. म्हणून बीळ हे पुष्कळ वेळा निमित्त असते, मूळ दोष जुना असतो, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. सर्वांत दुबळी जागा बहुधा मोरीच्या अंगालगतची. दगडी बांधकाम किंवा नळ आणि माती यांचा सांधा कधीच एकजीव होत नाही, आणि मोरीच्या कडेला धुमस करायला (माती ठोकून दाबायला) मजुराला जागाही पुरत नाही. पुण्याने याचा सर्वांत मोठा अनुभव १२ जुलै १९६१ रोजी घेतला. अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण तेव्हा बांधून पुरे झाले नव्हते. मोरीवरचा भराव खचला आणि भिंत तेथे फुटली. पाठोपाठ खडकवासल्याचे दगडी धरणही गेले आणि शहरात पूर आला. खचण्याचे मूळ कशात होते यावर पुढे बरीच वर्षे खल झाला. अर्धवट राहिलेल्या दरवाजांमुळे मोरीतील प्रवाहाचे हादरे बसून ती निकामी झाली, हे स्पष्टीकरण तज्ज्ञांच्या लेखनात अधिक स्वीकारलेले दिसते. पानशेत मोठे धरण होते. मोरीलगतच्या मातीचा धडा मात्र दहा मीटरच्या बांधालाही तितकाच लागू आहे.

पाहणी : झिरपणे हा मातीच्या बांधाचा स्वभाव आहे, तेव्हा पायथ्याला ओल दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पाणी निवळ आहे की गढूळ, आणि तलावाची पातळी तीच असताना झिरपा वाढतो आहे का, एवढेच विचारायचे असते. पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत धरून रात्रभर ठेवावे. सकाळी तळाशी मातीचा थर बसलेला दिसला, तर बांधातून माती निघत आहे. मार्च-एप्रिलमध्ये खालचा उतार वाळून पिवळा पडलेला असताना मध्येच एखादा हिरवागार पट्टा दिसला, तर तेथे आवर्जून पाहावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळतेच. त्यातही बांधाच्या लांबीला आडवी, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे जाणारी भेग अधिक धोक्याची. माथ्यावरची कमानीसारखी वळलेली भेग उतार घसरू लागल्याची खूण असते.

पायथ्याला पाण्याची उकळी फुटली तर ती माती टाकून बुजवू नये. बुजवलेले पाणी दुसरीकडून, अधिक जोराने निघते. तेथे आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी असा थर घालून पाण्याला वाट द्यायची आणि माती आतच अडवायची. जमेल तितके पाणी मोरीतून सोडून पातळी उतरवायची आणि खालच्या वस्तीला कळवायचे.

देखभाल : उतारावरची बाभूळ, वेडी बाभूळ लहान असतानाच उपटावी लागते. मोठे झाड नुसते तोडले तर मुळे मातीत कुजून पोकळ नळ्या राहतात. मुळासकट काढून तो खड्डा थराथराने दाबून भरणे हाच उपाय. गाळ काढण्याच्या कामांना २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने वेग आला. ही कामे हिताचीच आहेत, पण बांधाच्या पायथ्याशी साचलेला बारीक गाळ पाण्याला रोखणारे अस्तरही असतो. तो बांधालगत खरवडला तर झिरपा वाढतो. म्हणून बांधापासून पुरेसे अंतर सोडूनच पोकलेन चालवावा. खालच्या बाजूचा मुरूम उचलून नेणे तर सरळ बांधाचा पाय काढणे होय.

प्रशासन व कायदा : शंभर हेक्टरांपर्यंत लाभक्षेत्राचे तलाव साधारणतः जिल्हा परिषदेकडे, सहाशे हेक्टरांपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे, त्यापुढचे जलसंपदा विभागाकडे. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. धरण सुरक्षितता अधिनियम, २०२१ पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक करतो, पण ती ठरावीक धरणांपुरतीच : पंधरा मीटरपेक्षा उंच, किंवा दहा ते पंधरा मीटर उंचीची आणि पाचशे मीटर लांबी, दहा लाख घनमीटर साठा, सेकंदाला दोन हजार घनमीटर पूर यांसारखी एखादी अट पुरी करणारी. बहुतेक पाझर तलाव या व्याख्येबाहेर राहतात. ही उणीव गंभीर आहे. धोका उंचीवर ठरत नाही, बांधाखाली कोण राहते यावर ठरतो. पुणे शहराभोवतालच्या तालुक्यांत बांध बांधले तेव्हा जेथे ज्वारी होती, तेथे आज घरे आहेत. बांधाची उंची तेवढीच राहिली, खालची माणसे वाढली. मोठ्या प्रकल्पावर चौकीदार व पाटकरी (पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारे) असतात. गावच्या तलावावर ते क्वचितच दिसतात. पहिली गढूळ धार बहुधा गुराख्याला किंवा मोटर चालू करायला गेलेल्या शेतकऱ्यालाच दिसते, आणि त्याने ती कोणाला कळवायची हे गावात आधीच ठरलेले असणे आवश्यक आहे. नायगाव (ता. पुरंदर) येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेली पाणी पंचायत समन्यायी वाटपासाठी सर्वज्ञात आहे. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली पाणीवाटपाचे काम शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे दिले जाते. बांधाची निगा मात्र हे मुख्यतः मालक विभागाचेच काम राहते.