शिकार बंद केली की प्राणी वाढतात? केनियाकडे बघा

२०१५ मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन डेंटिस्टने मारला, तेव्हापासून एक गोष्ट फिरतेय की ट्रॉफी हंटिंग (म्हणजे पैसे भरून, शिंगं-कातडं आठवण म्हणून न्यायला केलेली शिकार) बंद करा, आफ्रिकेतले प्राणी आपोआप वाढतील. ऐकायला भारी वाटतं, पण केनियात शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे आणि तरी २०१६ पर्यंत तिथले वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले, कारण मेन लोचा परवान्याच्या बंदुकीचा नव्हताच, कुंपणं, वाढती गुरं, शेती, दुष्काळ, चोरटी शिकार हे सगळं चालूच राहिलं.

आता नामिबिया बघा. १९९६ च्या कायद्याने तिथे गावांनी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राणी सांभाळणारी गावाची संस्था, काढायची, आणि शिकार नि टुरिझमचा पैसा गावानेच ठेवायचा असं ठरलं. शिकारी शिंगं, कातडं घेऊन जातो, मांस गावात वाटलं जातं. ज्या हत्तीने रात्रीत अख्खं मक्याचं शेत आडवं केलं त्याला गाव का सहन करेल, याचं उत्तर या पैशात आहे.

पण म्हणून शिकारीवाले संत आहेत असं अजिबात नाही हां. झिम्बाब्वेच्या कॅम्पफायर योजनेत (वन्यप्राण्यांतून गावांना कमाई द्यायची योजना) बराच पैसा जिल्हा कौन्सिलमध्येच मुरायचा, गावापर्यंत चिल्लर. आणि सिंहांचा कोटा हावरटपणे ठरवला की तरणे नर जातात, मग नवा नर येऊन जुन्याची पिल्लं मारतो, म्हणजे एका गोळीत किती गेले मोजा.

बोट्सवानाने २०१४ ला बंदी घातली, २०१९ ला उठवली. गावकऱ्यांची ओरड हे त्यातलं एक मोठं कारण.