जामीन मंजूर, सुटका बाकी : इंदूरच्या कोर्टातल्या कागदांची पार्श्वभूमी

इंदूरच्या जिल्हा कोर्टात जामिनाचा आदेश दुपारी होतो आणि माणूस दोन-तीन दिवसांनी घरी येतो. घरच्यांना वाटतं, कुठंतरी पैसे अडले. बहुतेक वेळा अडलेला असतो तो जामीनदाराचा कागद. आदेश ही एक पायरी आणि सुटका ही दुसरी. गेल्या दीडशे वर्षांत कायदा पहिल्या पायरीवर बराच उदार झाला, दुसरीवर मात्र गाडी अजून रुतते. वकील शोधताना हे ठाऊक असलेलं बरं.

फौजदारी प्रक्रिया संहिता ब्रिटिश हिंदुस्थानात १८६१ साली आली, मग १८७२, १८८२ आणि १८९८ ला नव्यानं लिहिली गेली. इंदूर तेव्हा होळकरांचं संस्थान, त्याची न्यायालयं वेगळी. १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५१ मध्ये १८९८ ची संहिता इथंही लागू झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, पण इंदूर आणि ग्वाल्हेरला खंडपीठं राहिली आणि १९६८ मध्ये ती कायमची झाली. म्हणून सत्र न्यायालयानं अर्ज फेटाळला तरी जबलपूर गाठावं लागत नाही, एम.जी. रोडवरच्या खंडपीठातच पुढचा अर्ज लागतो.

जुन्या संहितेत अटकपूर्व जामीन नव्हता. विधी आयोगाच्या १९६९ च्या ४१ व्या अहवालानं त्याची शिफारस केली. १९७३ च्या संहितेत तो कलम ४३८ म्हणून आला आणि १ एप्रिल १९७४ पासून लागू झाला. (उत्तर प्रदेशानं १९७६ मध्ये हे कलम काढूनच टाकलं होतं, ते परत आलं २०१९ ला. तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला इकडे लावू नये तो यासाठीही.) १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात अटकपूर्व जामीन कलम ४८२ मध्ये, जामीनपात्र गुन्ह्यातला ४७८ मध्ये, मॅजिस्ट्रेटकडचा ४८० आणि सत्र व उच्च न्यायालयाचा ४८३ मध्ये आहे. काही ठिकाणी मात्र अटकपूर्व दार बंद आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखाली प्रथमदर्शनी गुन्हा दिसत असेल तर ते उघडत नाही. मध्य प्रदेश आबकारी कायद्यात पन्नास लिटरच्या वर अवैध दारू सापडली तरी तेच.

आता इथल्याच राज्यातला एक खटला. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, रकमेचं मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोडलं. त्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. प्रकरण पुन्हा दिल्लीत गेलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं आणि जिल्ह्याबाहेरचा जामीनदार एवढ्याच कारणानं नाकारणं चुकीचं ठरवलं. ४५ वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका हे पुन्हा सांगावं लागलं, यातच व्यवहार किती हलला ते कळतं.

या कागदाचं इथलं रूप म्हणजे भू-अधिकार व ऋण पुस्तिका, माळव्यात जिला सगळे पावती म्हणतात. जामीनदार शेतकरी असेल तर पावती, आधार आणि फोटो घेऊन तो स्वतः कोर्टात उभा राहतो, आणि पावतीवर कोर्टाची नोंद पडते. अडतं ते इथं : आधीच्या जामिनाची नोंद कायम आहे, जमीन सामाईक खात्यात आहे, किंवा पुस्तिका दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तहसीलकडे पडताळणीला गेली. मराठी घरांत आणखी एक घोळ. आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशी ओळ, पावतीवर नुसतं नाव आणि 'पिता' अमुक, एफआयआरमध्ये आडनावाचं हिंदी स्पेलिंग तिसरंच. रीडरनं (कोर्टातल्या कारकुनानं) बोट ठेवलं की तो दिवस गेला. ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आधीच करून ठेवावं. शेती नसेल तर मुदत ठेव किंवा गाडीचं रजिस्ट्रेशन चालतं का ते त्या कोर्टात आधी विचारून घ्यावं. कोर्टाबाहेर भाड्यानं मिळणारा जामीनदार घेऊ नये. जामीनदारानं आणखी किती जणांची हमी घेतली आहे हे जाहीर करणं फौजदारी संहितेच्या २००५ च्या दुरुस्तीपासून सक्तीचं आहे, आणि खोटी पावती निघाली तर आरोपी परत आत जातो, वर नवा गुन्हा.

चालान (पोलिसांचं आरोपपत्र) वेळेत न आल्यास मिळणारा जामीनही असाच टप्प्याटप्प्यानं घडला. १९७३ च्या संहितेत सरसकट ६० दिवस होते. १९७८ मध्ये मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना ९० आणि बाकीच्यांना ६० अशी विभागणी झाली. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून. हा हक्क मागावा लागतो. मुदत संपली आणि अर्ज लावायच्या आधी चालान कोर्टात पोचलं, तर हक्क संपला. वकिलाच्या डायरीत ती तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली हवी.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची का, हे पोलिसांना लेखी सांगावं लागतं. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर बोट ठेवलं, ही तरतूद आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. नोटीस आली तर पळापळ करू नये, तारखेला हजर राहावं, हजेरीची पोच घ्यावी. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस कमिशनर पद्धत आहे, त्यामुळे शांतताभंगाच्या भीतीनं उचललेला माणूस तहसीलदारापुढे नाही, सहायक पोलीस आयुक्तांपुढे जातो. तिथं लागतं ते बंधपत्र. नियमित जामिनाचा अर्ज घेऊन मॅजिस्ट्रेटकडे धावणं तिथं व्यर्थ.

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियम ३६ ची मनाई आहे, तेव्हा 'शंभर टक्के जामीन'चा फलक दिसला तर तिथून निघावं. पोलीस ठाण्याच्या दारात कार्ड देणारा दलालच. वकील कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं दलालीला तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. वकील बघताना त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर त्याच्या नावानं त्याच कोर्टात फौजदारी प्रकरणं चालू आहेत का ते पाहावं. फी टप्प्यांत ठरवावी : रिमांड, सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि जामीनदाराची कागदपत्रं, चारही वेगळी. आरोपी जेलमध्ये असेल तर वकालतनाम्यावर त्याची सही जेलर प्रमाणित करतो, यात एक दिवस धरावा. आधी फेटाळलेला प्रत्येक अर्ज नव्या अर्जात नमूद हवा. लपवला तर न्यायाधीशांचा विश्वास पहिल्याच मिनिटाला जातो. उच्च न्यायालयात जामीन अर्ज एमसीआरसी (किरकोळ फौजदारी प्रकरण) म्हणून नोंदतात, तो क्रमांक घरच्यांनी स्वतःकडे ठेवावा. तिथं तारीख बहुधा पडते ती पोलीस ठाण्याची केस डायरी (तपासाची नोंदवही) आली नाही म्हणून. चांगला वकील सुनावणीच्या आधीच सरकारी वकिलांच्या कार्यालयात डायरीची चौकशी करून येतो.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ चा कायदा १९९५ पासून लागू आहे आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या त्याच आदेशाप्रमाणे जामिनाच्या आदेशाची प्रत जेल अधीक्षकांना ईमेलनं त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिन्याभरात जामीनदार उभा राहिला नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. आठव्या दिवशी सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात आदेशाची तारीख, प्रकरण क्रमांक आणि जामीनदार का मिळत नाही तेवढं लिहावं, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.