भावगीत
भावगीत : एकाच भावस्थितीभोवती गुंफलेली, शब्द व चाल यांना सारखाच मान देऊन गायिली जाणारी आटोपशीर मराठी रचना. भावकवितेशी तिचे नाते निकटचे असले, तरी प्रत्येक भावकविता गाण्याजोगी असतेच असे नाही.

उगमाबाबत एकमत नाही. काही अभ्यासक विराणी (विरहाचे गीत), गवळण व स्त्रियांची ओवी यांपर्यंत मागे जातात. काही केशवसुतांनंतरच्या आत्मपर कवितेला आरंभ मानतात. काहींच्या मते नाट्यपदातील तानबाजी वजा होऊन हा प्रकार सिद्ध झाला. ही तिन्ही मते साहित्य किंवा रागसंगीत यांपैकी एकाच बाजूने पाहतात. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील यशवंत, गिरीश आदी कवींनी जाहीर काव्यगायनाची प्रथा रुजवली. श्रोत्यांचा कान कवितेच्या शब्दांकडे वळला तो तिथे, म्हणून हा दुवा अधिक महत्त्वाचा वाटतो.

ध्वनिमुद्रिकेने भावगीताला आकार दिला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. साहजिकच ध्रुवपद व दोन-तीन अंतरे एवढाच ऐवज मावे, आलापाला जागा उरत नसे. ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गायिली. पहिले भावगीत म्हणून सामान्यतः तिचाच निर्देश होतो. या ओळीतले ‘बाई’ हे संबोधन थेट बायकांच्या गाण्यांतले आहे. ते काढून टाकले तर अर्थ फारसा बदलत नाही, पण सखीपाशी मन मोकळे करण्याचा सूर हरपतो आणि ओळीचा झोकही मोडतो. लोकगीताचा वारसा सांगणाऱ्यांच्या मतात तथ्य आहे ते एवढ्यापुरते.

पुढे ज. ल. रानडे व गजानन वाटवे यांनी हा प्रकार घरोघरी नेला. वाटव्यांच्या गायनात शब्दोच्चार इतका स्वच्छ असे, की कविता न वाचलेल्यालाही ती पाठ होई. नंतर आकाशवाणीचा मोठा आधार मिळाला. श्रीनिवास खळे यांच्या चाली ऐकायला सोप्या, गळ्याला मात्र अवघड आहेत.

गोव्यात बा. भ. बोरकर स्वतःच्या कविता गाऊन सादर करीत. चित्रपटगीते प्रसंगाला बांधलेली असल्याने सहसा वेगळी धरतात. सुरेश भटांच्या गझला गझलेच्या शिस्तीतच पाहणे योग्य.