अंडाशयाचा कर्करोग: चाचणीचा शोध चुकला कुठे?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पॅप स्मिअर आहे, स्तनांसाठी मॅमोग्राफी आहे. अंडाशयाच्या कर्करोगासाठी मात्र कसलीही तक्रार नसलेल्या बाईने करून घ्यावी अशी चाचणी आजही नाही. प्रयत्न कमी पडले असं नव्हे.

रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये शोधलेली सीए-125 ही रक्तचाचणी 1983 मध्ये पुढे आली. ती याच नावाच्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण मोजते. उपचार लागू पडताहेत की नाही हे पाहायला ती उपयोगी पडली, म्हणून निदानही तीच लवकर करेल अशी आशा वाटू लागली. पण फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढणं), गरोदरपण, अगदी मासिक पाळीतही हा आकडा वाढतो. उलट सुरुवातीच्या कर्करोगात तो बऱ्याचदा नॉर्मलच येतो.

अमेरिकेत 78,216 महिलांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2011 मध्ये लागला. दरवर्षी रक्त तपासणी आणि सोनोग्राफी झालेल्या गटात या कर्करोगाने 118 मृत्यू झाले, नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात 100. त्याहून बोचणारा आकडा वेगळाच आहे: कर्करोग नसताना 1,080 जणींची शस्त्रक्रिया झाली. ब्रिटनमध्ये उषा मेनन आणि सहकाऱ्यांनी दोन लाखांहून अधिक महिलांचा अभ्यास केला. तिथे काही कर्करोग लवकर सापडले, तरी 2021 च्या अंतिम निकालात मृत्यू घटलेले दिसले नाहीत.

माझ्या मते खरी कलाटणी पॅथॉलॉजीच्या टेबलावर, म्हणजे काढलेले अवयव तपासताना मिळाली. बीआरसीए जनुकात दोष असला की स्तनांच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. असा दोष असलेल्या महिलांची अंडाशयं आणि बीजवाहिन्या खबरदारी म्हणून काढल्या जात. पूर्वी बीजवाहिनीचे एकदोन छेद पाहून काम संपायचं. तिच्या झालरीसारख्या टोकाचे दोन-तीन मिलिमीटरचे काप करून पाहिल्यावर तिथेच कर्करोगाची सुरुवात दिसू लागली. म्हणजे अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा सर्वांत घातक प्रकार बहुतेकदा बीजवाहिनीतून येतो. सोनोग्राफीला दिसेल एवढी गाठ होईपर्यंत तो बहुधा पोटात पसरलेला असतो.

तेव्हापासून भर प्रतिबंधाकडे वळला. गर्भनिरोधक गोळ्यांनी धोका घटतो हे आधीच ठाऊक होतं. पाच वर्षांच्या वापरामागे साधारण पाचव्या हिश्शाने. बीआरसीए-1 (या जनुकांपैकी एक) चा दोष असलेल्यांना मुलं झाल्यावर, 35 ते 40 व्या वर्षी अंडाशयं आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. 2010 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणखी एक पाऊल टाकलं: गर्भाशय काढताना किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत बीजवाहिन्या पूर्ण काढाव्यात, अंडाशयं ठेवावीत. 2022 मध्ये तिथल्या 25,889 महिलांची नोंद प्रसिद्ध झाली. वर सांगितलेल्या सर्वांत घातक प्रकारचे पाचेक कर्करोग अपेक्षित होते. एकही आढळला नाही. अर्थात यांतल्या बऱ्याच जणी अजून धोक्याच्या वयाला पोचलेल्या नाहीत.