व्हिटसंडे बेटे : शिडाच्या नौकेतून एका दिवसाची सफर

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याचा किनारा आणि ग्रेट बॅरिअर रीफ यांच्या मधल्या पाण्यात विखुरलेल्या ७४ बेटांना व्हिटसंडे बेटे म्हणतात. सकाळी एअरली बीच किंवा शूट हार्बरहून शिडाच्या यॉटने निघायचे, दोन-तीन बेटांच्या कडेने जायचे, आडोशाच्या एखाद्या उपसागरात थांबून पोहायचे, जेवायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे, ही इथली रूढ सफर आहे. माणसे थोडी असतात : साधारण वीस-पंचवीसच्या आत, लहान नौकेवर दहा-बाराच. मोटारबोटीची सहल ठरलेल्या पत्रकाप्रमाणे होते. शिडाच्या नौकेचा मार्ग मात्र त्या सकाळचा वारा आणि भरती-ओहोटीचे कोष्टक ठरवते. जाहिरातीत ठिकाणांची नावे असली तरी 'हवामानानुसार' हा शब्द शेजारी असतोच, आणि प्रवाशाने तो सगळ्यात आधी वाचावा.

ही बेटे म्हणजे बुडालेले डोंगर. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि इथे किनाऱ्यामागच्या डोंगररांगा होत्या. बर्फ वितळले, समुद्र चढत आला, दऱ्यांत पाणी शिरले आणि शिखरे तेवढी वर राहिली. हूक बेटात आत घुसलेल्या नारा इनलेट आणि मकोना इनलेट या लांबट, अरुंद खाड्या म्हणजे अशाच भरलेल्या दऱ्या. खडक बहुतांशी ज्वालामुखीचा आहे. म्हणून लक्षद्वीपसारख्या सपाट, माडांच्या पोवळी बेटांचे चित्र इथे डोळ्यांपुढे आणू नये. हूक बेटाचे शिखर सुमारे ४५० मीटर उंच आहे, सर्वांत मोठ्या व्हिटसंडे बेटाचे ४३७ मीटर, आणि उतारांवर हूप पाइनची सरळसोट, काळपट झाडे उभी आहेत. पोवळी आहेत, पण ती बेटांच्या पायथ्याशी झालरीसारखी. बाहेरची मोठी पोवळरांग बरीच दूर असल्याने शिडाच्या नौकेला एका दिवसात तिथे जाऊन परत येणे परवडत नाही.

या पाण्यात पहिल्यांदा फिरले ते न्गारो लोक. नारा इनलेटच्या काठावरच्या गुहेत माणसाच्या वस्तीच्या सुमारे ९,००० वर्षे जुन्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे डोंगरांची बेटे होत असताना ते इथेच होते, समुद्र चढताना त्यांनी पाहिला. साऊथ मोल बेटावर त्यांची दगडी हत्यारांची खाण होती. झाडाच्या सालीचे तुकडे शिवून केलेल्या होड्यांतून ते बेटाबेटांवर जात, मासे आणि कासवे मारत. १८६१ मध्ये जवळच बोवेन ही वसाहत उभी राहिली आणि त्यानंतरच्या काही दशकांत गोऱ्या वसाहतकारांनी आणि त्यांच्या नेटिव्ह पोलिसांनी (गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालचे आदिवासी शिपाई) या समाजाची वाताहत केली. नारा इनलेटच्या गुहेतली जाळीसारखी चित्रे आजही पाहता येतात. काठावरून वर थोडी चढण आहे. एका दिवसाच्या सफरीत तिथे थांबणाऱ्या नौका कमी, पण ज्या थांबतात त्यांना प्राधान्य द्यावे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पोवळी इतरत्रही दिसतील, ही गुहा दुसरीकडे नाही.

नाव जेम्स कुकचे. ३ जून १७७० रोजी त्याचे 'एंडेव्हर' जहाज या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे गेले. तो दिवस ईस्टरनंतरचा सातवा रविवार, म्हणजे व्हिटसंडे. वसईकडच्या ख्रिस्ती वाचकांना हा सण पेंटेकॉस्ट म्हणून ठाऊक आहे. कुकने 'व्हिटसंडे' हे नाव दिले ते सामुद्रधुनीला, बेटांना पुढे तेच चिकटले. गंमत अशी की इंग्लंडहून पश्चिमेकडे प्रवास करत आल्याने जहाजाचे पंचांग एक दिवस मागे पडले होते आणि आजच्या स्थानिक गणनेनुसार तो सोमवार ठरतो. कुकने आपल्या रोजनिशीत एका बेटाच्या वाळूवर दिसलेली दोन माणसे आणि बाजूला आधाराचा ओंडका बांधलेली होडी यांची नोंद केली आहे. त्या किनाऱ्यावर आधी पाहिलेल्या होड्यांपेक्षा ती मोठी आणि वेगळ्या बांधणीची वाटल्याचेही त्याने लिहिले. पुढे आठ दिवसांनी त्याचे जहाज उत्तरेला पोवळरांगेवर आदळले. व्हिटसंडेचे खोल, स्वच्छ पाणी पार केल्यावर असे होईल हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

आता वारा. साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत इथे आग्नेयेचा व्यापारी वारा वाहतो, बहुतेक दिवस १५ ते २५ नॉट (ताशी सागरी मैल). एअरली बीचहून लँगफर्ड, हूक किंवा हेमन बेटाकडे जायचे तर मार्ग ईशान्येचा, अंतर सुमारे चौदा ते सोळा सागरी मैल. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले की या सफरीची लोकप्रियता उलगडते : आग्नेयेचा वारा जातानाही आडवा मिळतो आणि येतानाही आडवाच. शिडाच्या नौकेला आडवा वारा सर्वांत मानवतो. ती वेगात जाते, फार भिजवत नाही, आणि नवख्या माणसालाही सुकाणू धरू देता येते. सप्टेंबरनंतर वारा मंदावतो, दुपारी उत्तरेकडून येऊ लागतो, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा व चक्रीवादळांचा काळ. कोकणात नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जातात तेव्हा व्हिटसंडेचा हंगाम ऐन भरात असतो.

भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो. मुंबईच्या पाचेक मीटरची सवय असलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण हे सगळे पाणी बेटांच्या मधल्या चिंचोळ्या वाटांतून जाते, आणि तिथे प्रवाहाला चांगलीच ओढ असते. भरतीचा ओघ दक्षिणेकडे आणि वारा आग्नेयेकडून अशी समोरासमोर गाठ पडली की लाटा उंच होण्यापेक्षा आखूड आणि उभ्या होतात. नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, एका लाटेतून वर येते न येते तोच दुसरीत शिरते. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळून अष्टमीच्या सुमाराचे, भांगाच्या भरतीचे दिवस निवडावेत.

धक्का सोडताना इंजिन चालू असते. मोकळ्या पाण्यात आल्यावर नाळ वाऱ्याकडे वळवतात आणि मुख्य शीड चढवायला सुरुवात होते. इथेच लहान गटाचा खरा उपयोग दिसतो, कारण खलाशी दोन किंवा तीनच असतात आणि प्रवाशांचे हात लागतात. डोलकाठीपाशी दोघे दोर ओढतात, तिसरा मागे ढिली पडलेली दोरी गोळा करतो. शेवटचे दोन-तीन हात शीड जड होते, तेव्हा दोर विंचवर घेतात. विंच म्हणजे डेकवर बसवलेला धातूचा उभा रूळ. त्यावर दोराचे तीन वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने द्यायचे, वरून दांडा बसवायचा आणि फिरवायचे. वेढे देताना दोर तळहाताच्या मुठीत धरायचा, अंगठा आत घालायचा नाही, हे नवख्याला पहिल्यांदा सांगतात आणि पुन्हा पुन्हा सांगतात. मग इंजिन बंद होते. या क्षणाला बहुतेक प्रवासी गप्प होतात. इतका वेळ इंजिनाखाली दबलेले आवाज, म्हणजे कुशीला घासणारे पाणी, ताणलेल्या दोराची करकर आणि शिडाच्या कडेची फडफड, एकेक करून ऐकू येऊ लागतात. नौका कलते. एकपोटी यॉट चांगल्या वाऱ्यात वीसेक अंश सहज कलते आणि प्रवासी वरच्या कडेला, कठड्याच्या तारेखालून पाय बाहेर सोडून ओळीने बसतात. त्यांचे वजनही नौकेला हवे असते. कलण्याची भीती वाटणे साहजिक आहे. तळाच्या कीलमध्ये, म्हणजे पाण्यात खाली उतरलेल्या पात्यात, टनावारी वजन असते आणि नौका जितकी कलते तितके ते तिला सरळ करायला ओढते, एवढे समजले की भीती बरीच ओसरते.

कलणे नको असेल तर कॅटामरान. हा शब्द मूळचा तमिळ, 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेली लाकडे. गेटवे ते मांडवा ये-जा करणाऱ्यांना तो मोटारीच्या फेरीबोटीसाठी ठाऊक असतो, इथे तो दोन पोटांच्या शिडाच्या नौकेसाठी चालतो. एअरली बीचच्या सफरींत निवृत्त शर्यतीच्या यॉटही आहेत. एके काळी महासागरी शर्यतींत धावलेल्या या नौकांवर बसायला गादी नसते, सावलीही फारशी नसते, पण शीड काय करू शकते ते त्यांच्यावरच कळते. शर्यतींची परंपरा इथे जिवंत आहे : हॅमिल्टन बेटावरचा रेस वीक १९८४ पासून भरतो.

दुपारचा मुक्काम वाऱ्याच्या आडोशाला. आग्नेयेचा वारा असला की हूक बेटाच्या उत्तर अंगाचे बटरफ्लाय बे, मँटा रे बे, लंचन बे, नाहीतर हेमनच्या पश्चिमेचा ब्लू पर्ल बे. वारा उत्तरेचा झाला की हेच उपसागर उघडे पडतात आणि दक्षिण बाजू शोधावी लागते. आडोसा म्हणजे पूर्ण शांतता असे मात्र नाही. डोंगराच्या माथ्यावरून घसरत येणारे वाऱ्याचे अचानक झोत इथले नाविक 'बुलेट' या नावानेच ओळखतात.

पोवळ्यांवर नांगर टाकायला बंदी आहे. पांढऱ्या, पिरॅमिडच्या आकाराच्या तरंगत्या खुणांची ओळ दिसली की तिच्या किनाऱ्याकडच्या बाजूला नांगर टाकायचा नाही. त्याऐवजी सागरी उद्यानाने तळाशी कायमचे जखडलेले बोये असतात. नौकेच्या लांबीप्रमाणे त्यांवर रंगीत पट्टे असतात आणि दिवसा बहुतेक ठिकाणी दोन तासांची मर्यादा, म्हणजे मागून येणाऱ्यालाही जागा मिळते. बोया पकडणे हे पाहण्यासारखे काम आहे. खलाशी आकडीची काठी घेऊन नाळेवर पालथा पडतो, सुकाणूवाल्याला फक्त हाताच्या खुणा करतो, आणि नौका वाऱ्यावर सरकत अगदी थांबायच्या बेतात असताना पाण्यातली दोरी उचलतो. हा सगळा भाग १९७५ साली स्थापन झालेल्या सागरी उद्यान प्राधिकरणाच्या देखरेखीखाली येतो आणि १९८१ पासून जागतिक वारसा आहे. व्यवसाय करणाऱ्या नौकेला परवाना लागतो. उद्यानाच्या नकाशावर हिरव्या दाखवलेल्या पट्ट्यात मासेमारी पूर्ण बंद. जून ते सप्टेंबर हंपबॅक देवमासे पिलांसह येतात, तेव्हा त्यांच्यापासून ३०० मीटर दूर राहावे लागते.

पाण्यात उतरण्यापूर्वी सगळ्यांना मनगटापासून घोट्यापर्यंतचा पातळ, अंगाला घट्ट बसणारा सूट घालावा लागतो. उन्हाळी महिन्यांत, म्हणजे इथे डिसेंबरच्या आसपास, तर हे टाळताच येत नाही. कारण बॉक्स जेलीफिश आणि तिची छोटी बहीण इरुकांजी. इरुकांजीचा देह नखाएवढा, काचेसारखा पारदर्शक, आणि दंश प्रथम किरकोळ वाटतो. पाठीत आणि पोटात असह्य कळा येतात त्या अर्ध्या तासाने. या आजाराचे मूळ ही इवलीशी जेलीफिशच आहे हे सिद्ध करण्यासाठी केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःला, आपल्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला दंश करवून घेतला. तिघांनाही रुग्णालयात जावे लागले. पुढे तिच्या एका जातीला बार्न्स यांचेच नाव मिळाले. नौकेवर आणि किनाऱ्यांवर दिसणाऱ्या व्हिनेगरच्या बाटल्या दंशावर प्रथमोपचारासाठी असतात.

पाण्याखाली काय दिसेल हे उपसागरागणिक बदलते. २८ मार्च २०१७ रोजी चौथ्या श्रेणीचे डेबी चक्रीवादळ एअरली बीचजवळ जमिनीवर आले आणि हूक व हेमनच्या उत्तरेकडच्या पोवळ्यांची फार मोडतोड झाली. पाहणाऱ्याने ते मनात ठेवूनच पाण्यात डोकवावे. तुटलेल्या सांगाड्यांच्या राशीवर बोटभर उंचीची नवी फांदी दिसली तर तीही बघण्यासारखी आहे. पायांतल्या फिनांनी ती मोडू नये म्हणून उभे न राहता आडवे तरंगायचे.

व्हाइटहेवन बीच पाहायची सर्वांचीच इच्छा असते. ७ किलोमीटर लांबीचा हा किनारा व्हिटसंडे बेटाच्या पूर्व अंगाला आहे. वाळू ९८ टक्के सिलिका, इतकी बारीक की चालताना पायाखाली करकरते आणि भर उन्हातही तळव्यांना चटका देत नाही. उत्तर टोकाच्या हिल इनलेटमध्ये ओहोटीच्या वेळी निळ्या पाण्यात पांढऱ्या वाळूचे पदर पसरतात. ते पाहायला वर टंग पॉइंटवर चढावे लागते. पण एअरली बीचहून तिथे जायचे तर बेटाला वळसा पडतो, आणि बाहेरच्या बाजूने वारा नाकावर घ्यावा लागतो. मंद यॉटचा दिवस नुसत्या येण्याजाण्यात संपेल. वेगवान कॅटामरानला किंवा हॅमिल्टन बेटाहून निघणाऱ्याला ते जमते. उत्तरेचे उपसागर आणि व्हाइटहेवन दोन्ही एकाच दिवसात साधण्याचा हट्ट धरू नये. आठवणीसाठी मूठभर वाळू खिशात घालण्याचाही धरू नये, त्याला मनाई आहे.

ज्यांना एका दिवसाने भागत नाही ते खलाशाविना नौका भाड्याने घेतात. क्वीन्सलँडमध्ये त्यासाठी परवाना लागत नाही. नौका देणारे सविस्तर माहिती देतात, अंधार पडण्याआधी ठरलेल्या जागी मुक्काम करायला लावतात आणि दररोज रेडिओवर विचारपूस करतात. २०१८ च्या उत्तरार्धात सिड हार्बर या लोकप्रिय मुक्कामी शार्कचे हल्ले झाले आणि एकाचा मृत्यू झाला. तेव्हापासून तिथे पाण्यात उतरू नये असेच सांगतात.

परतीला वारा दुसऱ्या कुशीवर येतो. सकाळी डावीकडे कललेली नौका आता उजवीकडे कलते आणि माणसे न सांगता समोरच्या कडेला जाऊन बसतात. ऊन समोरून येते, अंगावर मीठ वाळून पांढरे झालेले असते, सकाळी दोराला हात लावायला कचरणारा एखादा प्रवासी विंचपाशी दांडा घेऊन तयार बसलेला असतो. बंदराच्या तोंडाशी इंजिन पुन्हा सुरू होते. शीड उतरवतात, आणि बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना चार-चार जण उभे राहून त्याच्या घड्या घालतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, चादरीसारख्या.